वर्कशॉपची किल्ली कुणाकडे असते?

आधीच सांगते, नाटकाच्या पडद्यामागच्या कामांची ही पदवी घेऊन मी पस्तावलेले नाही. पण प्रवेश घेताना जे बघून भुलले आणि पुढे चार वर्षं ज्याच्या जोरावर तरले, त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. विद्यापीठाचं नाव देत नाहीये. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि दुसरीकडे हाच अभ्यासक्रम केलेल्या मुलामुलींशी बोलले तेव्हा त्यांतल्या निम्म्या त्यांनी माझ्याआधीच बोलून दाखवल्या. म्हणजे दोष एकट्या आमच्या संस्थेचा नसावा.

अभ्यासक्रमाचं नाव ‘थिएटर डिझाइन अँड प्रॉडक्शन’. त्यात नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, ध्वनी आणि मंच व्यवस्थापन येतं. अभिनय येत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या वर्गातले दोघं जण पहिल्या आठवड्यात ‘ऑडिशन कधी आहे?’ असं विचारत हिंडत होते. त्यातला एक महिन्याभरात गेला. दुसरा राहिला आणि पुढे आमच्यातला सगळ्यात चांगला ध्वनीवाला झाला.

प्रवेशाआधी संस्था बघायला बोलावतात तेव्हा नाट्यगृह दाखवतात. आम्हालाही तेच दाखवलं. ३०० खुर्च्या, सेट आणि दिवे टांगायचे, मोटरवर वर-खाली होणारे बार, फिरता रंगमंच. बरोबरच्या सरांनी बटण दाबलं, रंगमंच फिरला आणि आम्ही आ वासून बघत राहिलो. नंतरच्या चार वर्षांत तो माझ्यादेखत आणखी दोनदा फिरला. त्यातला एकदा पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायला. सेट जिथे बांधतात ते वर्कशॉप कुणी दाखवलं नाही, आणि ते बघायला हवं हे मलाही सुचलं नाही.

पहिलं वर्ष मोजण्यात गेलं. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी प्रत्येकाला पुठ्ठ्याचा एक माणूस कापायला लावला, उंची बरोबर ७ सेंटिमीटर. नेपथ्याचं मॉडेल पुष्कळ ठिकाणी १:२५ या प्रमाणात करतात, म्हणजे पावणेदोन मीटरचा माणूस त्यात सात सेंटिमीटरचा होतो. कुणाचंही मॉडेल समोर आलं की मॅडम रंग, पोत, कल्पना वगैरे काहीही न बघता आधी तो माणूस आत उभा करायच्या. मी केलेली पहिली खोली माझी मलाच फार आवडली होती. ओल आलेली भिंत, खिडकीची एक काच फुटलेली, कोपऱ्यात खुर्ची. मॅडमनी माणूस खुर्चीजवळ ठेवला, पट्टी लावली आणि म्हणाल्या, “बैठक तीन सेंटिमीटरवर आहे. खरी किती होईल?”

मी मनात गुणाकार केला. पंचाहत्तर.

“हा बसला की याचे पाय लोंबकळणार. तुला ते लोंबकळायला हवेत का?”

मला नको होते.

“मग एक पूर्णांक आठ कर आणि उद्या घेऊन ये.”

ओल आलेल्या भिंतीबद्दल एक अक्षर नाही. त्या भिंतीवर मी दोन रात्री घालवल्या होत्या. तेव्हा राग आला, आता वाटतं की अख्ख्या पदवीतली ती सर्वांत मोलाची दोन मिनिटं होती. हाताने ड्रॉइंग काढण्याचे सहा महिनेही तसेच. ग्राउंड प्लॅन (वरून), सेक्शन (मधून कापून), एलेव्हेशन (समोरून), पुन्हा पहिल्यापासून. संगणक दुसऱ्या वर्षी आला. हाताने काढताना खोडरबर झिजतं, त्यामुळे रेघ ओढायच्या आधी विचार होतो.

इतिहासाचा तास दुपारी असायचा आणि निम्मा वर्ग पेंगायचा. विषय पेंगण्याजोगा मुळीच नव्हता, शिकवणं स्लाइड वाचून दाखवण्यापुरतं होतं. इटलीतल्या व्हिचेंझाचं तेआत्रो ओलिंपिको १५८५ मध्ये सुरू झालं. आराखडा वास्तुकार पालादिओचा, पण तो १५८० मध्येच वारला, आणि मंचावरच्या कमानींमागे दिसणारे रस्ते स्कामोत्झीने उभे केले. ते रस्ते मागे अरुंद होत जातात, जमीन चढत जाते, घरं लहान होत जातात आणि थोडक्या जागेत अख्खं शहर दिसतं. आजही ते तिथे उभे आहेत. स्लाइडवर एवढंच होतं. माझ्या डोक्यात मात्र तो सात सेंटिमीटरचा माणूस शिरला. नट त्या रस्त्याने मागे चालत गेला तर काय होईल? घरं लहान होतील, तो होणार नाही. चार पावलांत छपराला डोकं लागलेला राक्षस दिसेल. मी हे वर्गात विचारलं. सर म्हणाले, “हे परीक्षेला येत नाही.”

भरताच्या नाट्यशास्त्रात माणसांसाठीचं मध्यम प्रेक्षागृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद सांगितलंय, आणि याहून मोठं का नको तेही सांगितलंय: संवाद नीट ऐकू येत नाहीत आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. हेही मला ग्रंथालयात कळलं, वर्गात नाही. (जाता जाता: तिथे ‘नेपथ्य’ म्हणजे सेट नव्हे. नटांच्या वेशभूषेची जागा आणि तो साजशृंगार, हा त्याचा अर्थ. भिंती-दारांना तो शब्द आपण नंतर चिकटवला. कपडेपट सांभाळणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं, तर तिने आठवडाभर मला ‘शब्दचोर’ म्हणून हाक मारली.)

ती मैत्रीण पुन्हा येणारच आहे, कारण दाराची गोष्ट सांगायची आहे.

दुसऱ्या वर्षीच्या निर्मितीत नेपथ्य माझं, वेशभूषा तिची. शोकांतिका, काळ युरोपातलं अठरावं शतक. मी मागच्या भिंतीत एकच दार ठेवलं, ७५ सेंटिमीटर रुंद. घर गुदमरल्यासारखं वाटावं म्हणून मला ते अरुंदच हवं होतं. तिने नायिकेला कंबरेच्या दोन्ही बाजूंना सांगाडा बांधलेला त्या काळचा झगा दिला, ११० सेंटिमीटर रुंद. बाई स्वतःच्याच श्रीमंतीत अडकलेली दिसावी म्हणून तिलाही तो तेवढाच हवा होता. दोघींची ड्रॉइंग्ज मंजूर झाली, दोघींना चांगले गुण पडले. दोन वेगळ्या खोल्यांत, दोन वेगळ्या शिक्षकांकडून. तालमी साध्या कपड्यांवर झाल्या. टेकच्या, म्हणजे सेट, दिवे, कपडे सगळं घेऊन होणाऱ्या तांत्रिक तालमीच्या रात्री पावणेदहाला नायिका पहिल्यांदा पूर्ण वेशात दाराशी आली आणि थांबली. मग डावा खांदा आत घालून बघितला. मग उजवा. मग अंधारात बसलेल्या आम्हा दोघींकडे बघितलं.

दार मोठं करणं काही अवघड नव्हतं. फ्लॅटमधली, म्हणजे सेटच्या लाकडी चौकटीच्या भिंतीतली, उभी पट्टी सरकवायची, प्लाय कापायचा, चौकट नव्याने ठोकायची. फार तर दोन तासांचं काम. पण वर्कशॉप सहाला बंद होई. एक किल्ली तंत्रज्ञांकडे आणि ते घरी गेलेले. दुसरी सुरक्षारक्षकाकडे, पण लेखी परवानगीशिवाय तो देणार नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. परवानगी देणारे विभागप्रमुख परगावी. दुसरा दिवस सुट्टीचा, तिसऱ्या दिवशी प्रयोग.

दोन्ही प्रयोगांत आमची नायिका नवऱ्याच्या मृत्यूची बातमी ऐकायला खेकड्यासारखी आडवी होऊन आत आली. दोन्ही वेळा लोक हसले. दुसऱ्या प्रयोगात हसू येणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून आडवं सरकताना तिने मान अगदी ताठ ठेवली, आणि त्याने ते आणखीच हास्यास्पद झालं. मी विंगेत उभी होते. माझे गुण मात्र जराही कमी झाले नाहीत. ‘संकल्पनेत स्पष्टता’ असा शेरा होता.

इंग्रज नेपथ्यकार एडवर्ड गॉर्डन क्रेगची गोष्ट मी त्यानंतर वाचली. मॉस्को आर्ट थिएटरच्या ‘हॅम्लेट’साठी त्याने उंच, हलवता येणाऱ्या स्क्रीनचं नेपथ्य केलं होतं; ते नाटक १९१२ च्या सुरुवातीला रंगमंचावर आलं. पहिल्या प्रयोगाच्या थोडंच आधी त्या स्क्रीन एकामागून एक कोसळल्या, असं तिथला दिग्दर्शक स्तानिस्लावस्की याने आठवणींत लिहिलंय. क्रेगने ते साफ नाकारलं. खरं कोण ते त्यांचं त्यांना माहीत. मला क्रेग जवळचा वाटायला लागला तो मात्र तेव्हापासून. मॉडेलमधली स्क्रीन कशाला पडेल? तिला वजनच नसतं.

म्हणून वर्कशॉप. वर्कशॉपच्या प्रमुखांना आम्ही सगळे काका म्हणायचो. त्यांच्याकडे पदवी नव्हती, वेळापत्रकात त्यांच्या नावापुढे ‘साहाय्य’ असं छापलेलं असायचं. गुण देण्याचा अधिकार तर नव्हताच. आणि आज माझ्या हाताला जे येतं त्यातलं बहुतेक त्यांनी दिलंय. चेक नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा आधी सुतारकाम शिकला होता आणि मग वास्तुकला, हे काका कुणालाही, कशाच्याही संदर्भात सांगायचे.

आमच्या नाट्यगृहातले बार मोटरवरचे. पण समतोलाची वजनं लावून हाताने ओढायचे बार जगात भरपूर आहेत, आणि ते उतरवताना आधी काय काढायचं हा जिवाशी गाठ असलेला प्रश्न आहे. काकांनी नियम पाठ करून घेतला नाही. एक दोरी कप्पीवरून टाकली, एका टोकाला जमिनीवर पाण्याची बादली, दुसऱ्या टोकाला वर लटकणारी विटांची पिशवी. दोरी माझ्या हातात. “आता बादली सोडव,” ते दुसऱ्या एकाला म्हणाले. त्याने सोडवली. विटा धाडकन खाली आल्या आणि दोरी माझ्या तळहातातून सर्रकन गेली. हातमोजे होते म्हणून निभावलं. सेट लावलेला बार खाली असतो तेव्हा वजनं वर असतात. सेट आधी सोडला की वरची वजनं मोकळी सुटतात. म्हणून उतरवताना आधी वजनं, मग सेट. चढवताना आधी सेट, मग वजनं. आता झोपेतून उठवून विचारा.

आगीचा धडाही त्यांचाच. सेटवर येणाऱ्या प्रत्येक कापडाचा तुकडा चिमट्यात धरून पेटवायचा आणि ज्योत बाजूला नेली की तो आपोआप विझतो का ते बघायचं. नाही विझला तर ते कापड बाद, कितीही देखणं असो. शिकागोचं इरोक्वॉय थिएटर ३० डिसेंबर १९०३ ला पेटलं आणि सहाशेच्या वर माणसं गेली. थिएटर उघडून जेमतेम महिना झाला होता, आणि ते आगीला दाद न देणारं आहे अशी जाहिरात केली होती. आर्क दिव्यामुळे पडद्याच्या कापडाने पेट घेतला, आगपडदा उतरता उतरता मध्येच अडकला. एवढं सांगून काका थांबले आणि म्हणाले, “चला, आपली बाहेर पडायची सगळी दारं उघडून दाखवा मला.” सहापैकी दोन दारांना आमच्याच जुन्या सेटचे फ्लॅट टेकवून ठेवलेले होते. त्यातला एक माझा. अरुंद दाराचा.

प्रकाशयोजना शिकवणारे सर याच संस्थेत कसे टिकले हे मला कोडंच आहे. त्यांचा पहिला तास पूर्ण अंधारात. एक खुर्ची, खुर्चीवर आमच्यापैकी एक जण, आणि सरांच्या हातात एकच दिवा. तो घेऊन ते खुर्चीभोवती फिरले, बोलले काहीच नाही. खालून आणला की तोच मुलगा भेसूर, पाठीमागून धरला की नुसती कड, बाजूने आला की अर्धा चेहरा काहीतरी लपवतोय असं वाटायचं. मग त्यांनी मॅककँडलेसची पद्धत लावून दाखवली. हा येल विद्यापीठात शिकवायचा आणि त्याचं पुस्तक १९३२ चं: नटाच्या दोन बाजूंनी, ४५ अंशांतून दोन दिवे, एक उबदार रंगाचा, एक थंड. चेहरा गोलाईसकट स्वच्छ दिसला. आम्ही वा म्हटलं. सर म्हणाले, “छान आहे ना? आता हे सगळ्या नाटकांना वापराल आणि सगळी नाटकं सारखी दिसतील.”

दिवे टांगणं, वर शिडीवर बसून फोकस करणं, तापलेल्या दिव्याला उघड्या हाताने शिवल्यावर येणारा फोड, हे सगळं शिस्तीत झालं. दिवे नियंत्रित करायची डीएमएक्स नावाची प्रणाली १९८६ पासून आहे. एका जोडणीत ५१२ चॅनल, आणि प्रत्येक दिव्याला त्यातला आपापला पत्ता द्यायचा. मी एकदा दोन दिव्यांना एकच पत्ता दिला. खिडकीतलं चांदणं वाढवलं की तळघरातला कंदील पेटायचा. अर्धा तास सगळे भूत शोधत होते. ते भूत मी आहे हे मी अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही.

मंच व्यवस्थापन कुणालाच नको असायचं, कारण त्याचे फोटो पोर्टफोलिओत लावता येत नाहीत. तिसऱ्या वर्षी सक्तीने माझ्या वाट्याला आलं. नव्वद मिनिटांचं नाटक, ११४ क्यू (म्हणजे दिवा, ध्वनी वगैरे बदलायच्या सूचना), सगळे मी हेडसेटवरून द्यायचे. आधी ‘स्टँडबाय’, मग नेमक्या क्षणी ‘गो’. हा शेवटचा शब्द क्यूखेरीज कधीच तोंडातून काढायचा नाही, हे पहिल्या दिवशीच शिकवतात. पण आमच्या ध्वनीवाल्याचं नाव नेमकं ‘गो’ने सुरू व्हायचं. पहिल्या टेकला मी त्याला नावाने हाक मारली, पहिलं अक्षर ऐकताच प्रकाशवाल्या मुलीने बटण दाबलं आणि भर प्रसंगात काळोख झाला. पुढचे चार दिवस तो ‘ए मित्रा’ होता. या कामाचा मला धसका होता, आणि एकशे चौदापैकी शेवटचा क्यू देऊन झाल्यावर पाय इतके लटपटत होते की उठता येईना. पण दाराची चूक मी पहिल्या वर्षीच या खुर्चीत बसले असते तर केलीच नसती. तिथे सगळ्यांची ड्रॉइंग्ज एकाच टेबलावर येतात.

उरलेल्या तक्रारी भराभर. वेळापत्रकावर आठवड्याचे २२ तास. खरे किती ते मोजायला वेळच मिळाला नाही. गटाला मिळून एकच गुण, त्यामुळे रात्री दोनला रंग देणारी आणि फक्त फोटोसाठी येणारी एकाच पारड्यात. अंदाजपत्रक कसं करायचं यावर संपूर्ण पदवीत एक व्याख्यान, करारपत्र कसं वाचायचं यावर शून्य. त्यामुळे बाहेर पडल्यावर ‘पैसे नाहीत, पण अनुभव मिळेल’ असं म्हणणारा पहिला माणूस भेटला तेव्हा मी चक्क त्याचे आभार मानले.

दाराच्या प्रकरणानंतर आम्ही दोघींनी लेखी तक्रार केली होती. तिची दखल घेतली गेली, हे प्रामाणिकपणे नोंदवते. तिसऱ्या वर्षापासून टेकच्या आठवड्यात वर्कशॉप रात्री दहापर्यंत उघडं राहू लागलं. टेकमधल्या चुका साधारण पावणेदहाला बाहेर येतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा किल्लीसाठी कापला, एक गुणपद्धतीसाठी. चित्र बरं काढता येतं म्हणून इकडे येत असाल तर थोडा विचार करा. आपण काढलेलं चित्र दुसऱ्याने उभं करणं, तिसऱ्याने त्यावर चालणं आणि शेवटच्या प्रयोगानंतर रात्रीत चौघांनी मिळून ते तोडणं, हे चालणार असेल तर या. संस्था बघायला जाल तेव्हा फिरता रंगमंच खुशाल बघा, पण नंतर वर्कशॉप कुठे आहे ते विचारा. तिथे मुलं काम करताना दिसतात की फक्त नीट लावलेली हत्यारं दिसतात ते बघा. किल्ली कुणाकडे असते आणि ती किती वाजेपर्यंत मिळते ते विचारा. एका निर्मितीला प्रत्यक्ष रंगमंचावर किती रात्री मिळतात ते विचारा. आणि नेपथ्य आणि वेशभूषा यांची ड्रॉइंग्ज एकाच खोलीत तपासतात का, हे माझ्यासाठी विचारा.

सध्या मी एका नेपथ्यकाराकडे साहाय्यक आहे. परवा नव्या नाटकाचं मॉडेल जुळवत होते. कंपासपेटीतून सात सेंटिमीटरचा माणूस काढून आत ठेवला. त्याचा एक हात आता गेलाय. दार ८० सेंटिमीटर. मी लगेच वेशभूषा करणाऱ्या ताईंना फोन लावला आणि विचारलं, नायिकेचा घेर किती असेल?

“अजून काहीच ठरवलं नाहीये गं,” त्या म्हणाल्या. “तुमचं दार केवढं आहे?”